अडवणाऱ्या मुलीला

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, बास्केटबॉलमध्ये सर मला नेहमी समोरच्यांच्या सगळ्यात भारी प्लेअरवर लावतात, माझ्या वाट्याला शॉटच येत नाहीत." त्यात आत्याने फोन करून पहिलाच प्रश्न 'किती पॉइंट केलेस?' असा विचारला आणि तू हिरमुसलीस. हे घाईघाईत फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय.

तुझ्या मैत्रिणीने पाठवलेला सेमीफायनलचा व्हिडिओ मी पाहिला. बॉल कुठेही असो, मी तुझ्याकडेच बघत होतो. तिसऱ्या क्वार्टरचा सुरुवातीचा भाग आठव. त्यांच्या सात नंबरच्या मुलीने बॉल घेतला की तू तिला त्यांच्याच बास्केटखाली गाठत होतीस. ती उजव्या हाताची, म्हणून तू अर्धं पाऊल तिच्या उजवीकडे सरकून उभी. म्हणजे जायचं तर डावीकडूनच, तेही साइडलाइनला चिकटून. हात घालून बॉल हिसकायचा मोह तू एकदाही केला नाहीस. नजर तिच्या कमरेवर आणि पाय सतत सरकते. अर्धं मैदान ओलांडायला मिळणाऱ्या ८ सेकंदांतले बहुतेक तिथेच संपले. पुढे त्यांच्या सेंटरने, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच मुलीने, स्क्रीन लावली, म्हणजे तुझ्या वाटेत भिंतीसारखी उभी राहिली, तर तू तिच्या खांद्याला घासून वरून निघालीस आणि पुन्हा समोर हजर! सात नंबरने वैतागून बॉल देऊन टाकला. शॉट मारायला मिळणारे २४ सेकंद संपत आले होते, दुसऱ्या मुलीने लांबून कसाबसा फेकला, बोर्डला लागून परत उसळला. तो उसळलेला बॉल, म्हणजे रिबाउंड, आपला.

स्कोअरशीटवर याची नोंद काय झाली? एक रिबाउंड, तोही ज्या मुलीने घेतला तिच्या नावावर. तुझ्या नावापुढे कोरं. पण दुसऱ्या क्वार्टरमध्ये तू फाउलमुळे बाकावर होतीस तेव्हा हीच सात नंबर सरळ आत घुसून बास्केटजवळून सोपे लेअप मारत होती, आणि तिला थांबवायला आपल्या दोघी-दोघी धावत असल्यामुळे कोपऱ्यातली मुलगी मोकळी सुटत होती. तुझ्यासारख्या एका गार्डने समोरची प्लेअर एकटीने धरून ठेवली की बाकीच्या चौघींना आपापली जागा सोडावी लागत नाही. सरांना हे दिसतं, म्हणून ते तुला तिथे उभं करतात. ज्या मुलीवर भरवसा नाही तिला कोणी समोरच्या टीमची सर्वांत धोकादायक प्लेअर देत नाही.

तुला अलाना बिअर्डबद्दल सांगायचंय. ड्यूक विद्यापीठातून आलेली ही मुलगी डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, दुसऱ्या क्रमांकावर निवडली गेली. वॉशिंग्टन मिस्टिक्सकडून खेळताना एका हंगामात तिची सरासरी १९ पॉइंटच्या वर होती, म्हणजे स्कोअर करता येत नाही म्हणून डिफेन्सकडे वळली असं अजिबात नाही. मग दुखापतींमुळे २०१० आणि २०११ असे दोन्ही हंगाम गेले. त्यानंतर ती लॉस एंजेलिस स्पार्क्सकडे गेली आणि तिथे समोरच्यांच्या मुख्य स्कोअररला अडवणं हेच तिचं काम झालं. पॉइंट पूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आले. आणि २०१७ व २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षं ती डब्ल्यूएनबीएची सर्वोत्तम डिफेन्सिव्ह प्लेअर ठरली. पहिल्यांदा हा मान मिळाला तेव्हा तिचं वय ३५ होतं! ज्या वयात पाय मंदावतात त्या वयात. मला तिच्याबद्दल फार आदर आहे.

पण तुला तिची जी गोष्ट खास सांगायची आहे ती २०१६ ची. फायनलची पहिली मॅच, समोर मिनेसोटा लिंक्स, त्यांच्याच घरच्या मैदानावर. ७६-७६ बरोबरी. शेवटच्या क्षणी बॉल कोपऱ्यात बिअर्डकडे आला आणि बझर वाजता वाजता तिने तो बास्केटमध्ये घातला. ७८-७६. त्या वर्षीचं विजेतेपद स्पार्क्सनेच जिंकलं.

अडवणारी असूनही वेळ आली तेव्हा तिचा शॉट पडला. याच्या उलट टोनी ॲलन. मेम्फिस ग्रिझलीजचा हा गार्ड त्याच्या काळातल्या सर्वोत्तम अडवणाऱ्यांपैकी एक. एनबीए या अमेरिकेतल्या पुरुषांच्या लीगमध्ये दर वर्षी सर्वोत्तम अडवणाऱ्यांचा ऑल-डिफेन्सिव्ह संघ निवडतात, त्यात तो सहा वेळा आला. पण त्याचा लांबचा शॉट कच्चा होता. २०१५ च्या प्लेऑफमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स मेम्फिसविरुद्धच्या मालिकेत २-१ ने मागे होते. चौथ्या मॅचला त्यांचा कोच स्टीव्ह कर याने ॲलनवर चक्क सेंटर अँड्र्यू बोगटला लावलं, आणि बोगट ॲलनकडे फिरकलाच नाही, सरळ बास्केटखाली जाऊन उभा राहिला. तू मार, आम्ही बघतो, असा त्याचा अर्थ. ॲलन मोकळा असूनही शॉट पडेनात, त्याला बाकावर बसवावं लागलं, आणि मग वॉरियर्सच्या शूटर्सना अडवायलाही तो मैदानावर उरला नाही. मेम्फिस मालिका ४-२ ने हरले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सरांकडे 'मला या कामातून सोडा' असं मागू नकोस. त्यापेक्षा कोपऱ्यातला एक थ्री पॉइंटर पक्का कर. सगळीकडून मारायची गरज नाही. डावा कोपरा, उजवा कोपरा, पाय आधीच रोवलेले, बॉल हातात आला की शॉट. कोपऱ्यात रेषा थोडी जवळ असते, तुझ्या ताकदीला तेवढं झेपेल. तुला अडवणारी प्लेअर तुला सोडून आत मदतीला गेली तर त्यांना महागात पडतं, हे एकदा दोनदा दिसलं की तुला बाकावर बसवायचं कारण कोणालाच सापडणार नाही.

आणि फाउलचं बघ. आपल्याकडे पाचव्या फाउलला बाहेर. तुझे पहिले दोन्ही फाउल अर्धं मैदान ओलांडायच्या आधी झाले, तेही ती तुला चुकवून पुढे गेल्यावर मागून हात घातल्यामुळे. ती निसटली तर निसटू दे, जोरात धावून पुन्हा समोर ये. तू दुसऱ्या क्वार्टरमध्ये बाहेर होतीस तेव्हाच टीम मागे पडली.

आत्याशी मी बोललो. तिला म्हटलं, सईने सात नंबरला दुसऱ्या हाफमध्ये किती पॉइंट करू दिले ते विचार. तिने तेच विचारायला उद्या संध्याकाळी फोन करते म्हणून सांगितलंय, उचल.

गुडघ्याला बर्फ लावतेस ना? बुटांचे तळवे गुळगुळीत झालेले व्हिडिओतसुद्धा कळतात, सरकताना तू दोनदा घसरलीस. नवीन घे, पैसे पाठवतोय. दिवाळीला आलीस की सकाळी शाळेच्या मैदानावर जाऊ. कोपऱ्यात तू उभी राहा, पास मी देतो.

तुझे,
बाबा