माझा भाचा म्हणजे नवीन फॅड नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ट्रान्सजेंडर लोकांवर लेख आला होता, तो वाचल्यापासून डोक्यातून जाईना म्हणून शेवटी लिहायला बसले. लेखात म्हटलंय की हे सगळं गेल्या दहा-पंधरा वर्षांत सोशल मीडियामुळे आलेलं फॅड आहे, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. माझा भाचा ट्रान्स आहे आणि तो लहान होता तेव्हा त्यांच्या घरात इंटरनेट सोडाच, साधा फोनसुद्धा नव्हता.

जन्मला तेव्हा मुलगी म्हणून नोंद झाली. पण बोलायला लागल्यापासून हे पोर "मी जातो, मी जेवतो" असंच म्हणायचं, आणि आपल्या मराठीत ही गोष्ट लपत नाही, क्रियापदच सगळं सांगून टाकतं. आम्ही सगळे दर वेळी सुधारायचो, मी पण त्यात होते, "जातो नाही गं, जाते म्हण". मग हळूहळू ते "जातो" बंद झालं आणि आम्हाला वाटलं चला, सुटली सवय. एकतिसाव्या वर्षी त्याने घरी सांगितलं तेव्हा एक गोष्ट कळली जी इतकी वर्षं कोणाच्याच लक्षात आली नव्हती, की तो "जाते" पण कधी म्हणत नव्हता. "मला जायचंय", "माझं जेवण झालं", "मला नाही आवडत", सगळी वाक्यं अशी फिरवून की बोलणारा कोण आहे ते क्रियापदातून कळूच नये. पंचवीस वर्षं हे पोर प्रत्येक वाक्य तोंडातून काढायच्या आधी तपासत होतं आणि आम्ही म्हणत होतो किती कमी बोलते ही. मला याचं आजही फार वाईट वाटतं.

त्यामुळे "आमच्या वेळी नव्हतं" हे वाक्य मला सहन होत नाही. होतं, दिसत नव्हतं एवढंच. आणि आमच्या वेळी म्हणजे किती मागचं म्हणायचं? प्राचीन रोममध्ये सिबिली देवीचे गॅलाय नावाचे पुजारी होते, जन्माने पुरुष पण बायकांसारखे कपडे, लांब केस असे राहणारे. उत्तर अमेरिकेत नव्हाहो लोकांच्या भाषेत अशा माणसांसाठी 'नाडले' हा शब्द आहे. आपल्याकडे शिखंडीचं नाव ऐकलेलं नाही असा माणूस सापडणार नाही. पण हेही खरं की जुन्या काळी सगळं छान होतं असं म्हणता येत नाही, कुठे मान होता, कुठे भीती, कुठे तिरस्कार, आणि आजचा 'ट्रान्सजेंडर' शब्द त्या सगळ्यांना सरसकट चिकटवणं पण बरोबर नाही, ते लोक स्वतःला काय समजत होते ते त्यांच्या जगातलं होतं.

मला जास्त हलवून गेली ती बर्लिनची गोष्ट. मॅग्नुस हिर्शफेल्ड नावाच्या डॉक्टरने 1919 मध्ये तिथे लैंगिकतेचा अभ्यास करणारी संस्था काढली, तिथे ट्रान्स लोकांना उपचार मिळायचे, काहींना नोकरीही मिळाली होती, आणि बर्लिनचे पोलीस डॉक्टरी अहवालावरून अशा लोकांना एक ओळखपत्र द्यायचे, म्हणजे रस्त्यात कपड्यांवरून कोणी पकडू नये. शंभर वर्षांपूर्वी! आणि मग मे 1933 मध्ये नाझी विद्यार्थ्यांनी ती संस्था लुटली, चार दिवसांनी चौकात पुस्तकांची होळी केली. नाझींच्या पुस्तकं जाळण्याचे फोटो आपण शाळेपासून बघतो पण त्या ढिगात या संस्थेची लायब्ररी होती हे मला वयाच्या साठीला कळलं. किती लोकांची माहिती, किती केसपेपर, सगळं गेलं, आणि नंतरच्या पिढ्यांना परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तेव्हा काळ बदलला की दृष्टिकोन आपोआप सुधारतो असं काही नाही.

आता वर्तमानपत्रांबद्दल, कारण पत्र तुम्हाला लिहितेय. 1952 च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या एका पेपरने क्रिस्टीन जॉर्गेन्सनची बातमी पहिल्या पानावर छापली, माजी सैनिक झाला सोनेरी केसांची सुंदरी अशा थाटात. तिने डेन्मार्कमध्ये उपचार घेतले होते आणि ही तिची खाजगी गोष्ट होती. बातमीचा सूर वाईटच होता पण झालं असं की तिला जगभरातून हजारो पत्रं आली, आणि त्यातली कितीतरी अशा माणसांची की ज्यांना तोपर्यंत वाटत होतं आपण जगात एकटेच असे आहोत. 'ट्रान्सजेंडर'च्या घराण्यातला पहिला छापील शब्द 1965 चा, एका अमेरिकन डॉक्टरच्या पुस्तकातला, म्हणजे त्या पत्र लिहिणाऱ्यांकडे स्वतःसाठी हा शब्द पण नव्हता. शब्द मिळाला की माणूस बोलायला लागतो, आणि बोलायला लागला की बाकीच्यांना वाटतं अचानक संख्या वाढली.

आणि दुसरी गोष्ट मायकेल डिलनची, ही माझ्या भाच्यानेच मला सांगितली. डिलन 1915 चा, मुलगी म्हणून वाढवलेला इंग्लंडमधला माणूस. 1939 च्या सुमाराला हार्मोन घ्यायला सुरुवात केली, 1944 मध्ये जन्मदाखला बदलून घेतला, आणि हॅरोल्ड गिलीज म्हणून मोठे प्लॅस्टिक सर्जन होते, पहिल्या महायुद्धात चेहरे फाटलेल्या सैनिकांवर काम केलेले, त्यांनी त्याच्यावर किमान तेरा ऑपरेशन्स केली. डिलन पुढे स्वतः डॉक्टर झाला, जहाजावर नोकरी करायचा, कोणाला काही त्रास नाही. त्याच्या भावाकडे घराण्याचा सरदारकीचा किताब होता, आणि खानदानी लोकांच्या दोन याद्या निघायच्या, एकीत डिलनचं नाव त्याचा भाऊ म्हणून आणि दुसरीत जुन्या नावाने बहीण म्हणून. हा फरक 1958 मध्ये पत्रकारांना सापडला आणि त्यांनी जगासमोर मांडला. डिलन नोकरी, देश, सगळं सोडून भारतात आला, बौद्ध भिक्षू झाला आणि 1962 मध्ये डलहौसीला वारला, 47 वर्षांचा असताना. मरायच्या जेमतेम दोन आठवडे आधी त्याने आत्मचरित्र लिहून पाठवलं होतं, ते छापून यायला पन्नासपेक्षा जास्त वर्षं लागली. एका बातमीने काय होतं ते बघा.

कायद्याचं पण पुढे-मागेच चाललंय. स्वीडनने 1972 मध्ये जगात सगळ्यात आधी कायदेशीर लिंगनोंद बदलायचा कायदा केला, पण अट काय तर नसबंदी, आणि ती अट 2013 पर्यंत होती. चाळीस वर्षं! सरकारने 2018 मध्ये या लोकांना भरपाई द्यायचा कायदा केला. अर्जेंटिनाने 2012 मध्ये डॉक्टर नको, कोर्ट नको, माणूस सांगेल ते असा नियम केला. आपल्या सुप्रीम कोर्टाने 15 एप्रिल 2014 ला नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात हेच म्हटलं की स्वतःची ओळख ठरवायचा हक्क ज्याचा त्याला आहे, ऑपरेशनची सक्ती नाही, पण 2019 च्या कायद्यात मात्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आलं. जागतिक आरोग्य संघटनेने तर ट्रान्स असण्याला मानसिक आजारांच्या यादीतूनच काढलं, नवीन यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. आणि उलटीकडे हंगेरीने 2020 मध्ये नोंद बदलणंच बंद केलं, अमेरिकेत 2025 मध्ये नवीन अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी दोनच लिंगं मानायचा आदेश काढला. म्हणून फॅड वगैरे शब्द मला साधे वाटत नाहीत, हक्क काढून घ्यायच्या आधी असेच शब्द वापरले जातात.

तुमच्या लेखाबरोबर जो फोटो होता त्यात साडी नेसून टाळ्या वाजवणाऱ्या व्यक्ती होत्या. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, एवढ्या हालअपेष्टांत त्यांनी आपली ओळख उघडपणे टिकवली. पण तृतीयपंथी म्हटलं की तेवढंच एक चित्र डोळ्यासमोर येतं, माझा भाचा त्यात बसतच नाही, त्याला दाढी आहे, तो सकाळी डबा घेऊन ऑफिसला जातो. त्याच्यासारख्यांवर बातमी येते ती "मुलीचा झाला मुलगा!" अशी, उद्गारचिन्हासकट, आणि आत जुनं नाव, जुना फोटो. तो म्हणतो मी मुलगी होतो आणि मुलगा झालो असं नाहीये मावशी, मी आधीपण "जातो"च म्हणत होतो ना.

तर माझी विनंती एवढीच की जुनं नाव छापू नका, त्या माणसाला तो, ती की ते म्हणायचं हे त्यालाच विचारा, आणि त्या लेखाला उत्तर म्हणून एखाद्या ट्रान्स पुरुषाला लिहायला जागा द्या. माझा भाचा लिहायला तयार आहे, मी त्याला विचारलंय. त्याचं नाव छापायचं की नाही ते मात्र त्याच्याशी बोलून ठरवा, माझ्याशी नको.

आपली नियमित वाचक,
एक मावशी