स्थानिक दूरचित्रवाणीचे क्षेत्र वाडीपासून आखावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सामरिक महत्त्वाची सुमारे ५० केंद्रे वगळता दूरदर्शनचे जमिनीवरील मनोऱ्यांवरून होणारे अ‍ॅनालॉग (जुन्या पद्धतीचे) प्रक्षेपण मार्च २०२२ अखेर बंद करण्याचे प्रसार भारतीने जाहीर केले होते. त्याची जागा घेणारे डिजिटल प्रक्षेपण फेब्रुवारी २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत सुरू झाले, त्यांत महाराष्ट्रातील मुंबई आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही दोनच शहरे होती आणि तेथेही दिसत होत्या त्या दूरदर्शनच्याच नेहमीच्या वाहिन्या, ज्या उपग्रहावरून येणाऱ्या फ्री डिशवर साऱ्या देशाला मिळतात. आता थेट मोबाइलवर प्रक्षेपण करण्याच्या चाचण्यांमुळे मनोऱ्यांचा विषय पुन्हा चर्चेत आहे. उपग्रह जे काम करतो तेच मनोऱ्याकडून करून घेण्यात अर्थ नाही. मनोऱ्याचे खरे बळ आहे ते एखाद्या खोऱ्यापुरती, तालुक्यापुरती मराठी सेवा देण्यात, आणि म्हणूनच वारंवारिता (फ्रिक्वेन्सी) वाटण्याआधी त्या सेवेचे क्षेत्र नीट आखले जावे, एवढ्यासाठी हे पत्र.

आमच्या कोकणात या सेवेची निकड पावसाळ्यात कळते. धुवाधार पावसात डिशचा सिग्नल जातो, कारण ती ज्या उच्च वारंवारितेवर चालते तिला पाऊस अडवतो. मनोऱ्यावरून येणाऱ्या, त्याहून बऱ्याच कमी वारंवारितेच्या यूएचएफ लहरींना पावसाचा असा त्रास होत नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले तेव्हा धरणातून किती पाणी सोडले, कोणता रस्ता बंद आहे, हे सांगणारी जवळची वाहिनी लोकांना हवी होती. राज्यभरासाठी एकच असलेल्या सह्याद्री वाहिनीकडून प्रत्येक खोऱ्याची अशी खबर देण्याची अपेक्षा करता येत नाही.

परंतु क्षेत्र आखायचे म्हणजे नकाशावर मनोऱ्याभोवती कंपासने वर्तुळ काढायचे, ही समजूत आधी सोडावी लागेल. सिंहगडावरून १९७३ पासून पुण्याला मुंबईचे कार्यक्रम मिळू लागले, तेव्हा उंच जागा गाठून जितके दूर पोहोचेल तितके चांगले, हा हिशेब योग्य होता. कडेच्या गावांना पडद्यावर मुंग्या दिसत, तरी चित्र कळत असे आणि बातम्या ऐकू येत. डिजिटलमध्ये ही मधली अवस्था जवळजवळ नाही. सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की चित्राचे चौकोन होतात आणि मग पडदा रिकामा राहतो. यासाठीच आंतरराष्ट्रीय पद्धतीत एखाद्या लहान भूभागातील ७० टक्के ठिकाणी सिग्नल मिळाला तर सेवा स्वीकारार्ह आणि ९५ टक्के ठिकाणी मिळाला तर चांगली मानतात. हा ‘लहान भूभाग’ आपल्याकडे महसुली गाव धरले, तर मोठी फसगत होईल. कोकणातल्या एकाच गावाची एक वाडी सड्यावर (उंच कातळपठारावर) असते, दुसरी खलाटीत (खालच्या सखल भागात) आणि तिसरी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. सड्यावरच्या वाडीत उत्तम सिग्नल आहे म्हणून कागदावर सगळे गाव हिरवे रंगवले, तर खालची माणसे कायमची सेवेबाहेर राहतील आणि त्यांची तक्रारही कोणी ऐकणार नाही, कारण नकाशा त्यांना सेवेत असल्याचे सांगत असेल. क्षेत्राची मोजणी वाडीनिहायच हवी.

दुसरी गोष्ट अँटेनाची. घरगुती प्रक्षेपणाचे आराखडे साधारणपणे छपरावर १० मीटर उंचीवरील अँटेना गृहीत धरून केले जातात. माडापोफळींनी वेढलेल्या कौलारू घरात, दीड मीटर उंचीवर हातात धरलेल्या मोबाइलला त्याहून कितीतरी प्रबळ सिग्नल लागतो. त्यामुळे दोन्हींसाठी एकच नकाशा दाखवणे ही लोकांची दिशाभूल ठरेल.

वारंवारितेचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सध्याच्या डिजिटल पद्धतीत अनेक लहान मनोरे एकाच वारंवारितेवर चालवता येतात. दोन मनोऱ्यांच्या लहरींच्या पोहोचण्यात २२४ मायक्रोसेकंदांपर्यंत, म्हणजे सुमारे ६७ किलोमीटर अंतराइतका फरक पडला तरी त्या एकमेकींना मारक न ठरता पूरक ठरतील, अशी रचना करता येते. खोऱ्याखोऱ्यांच्या कोकणाला हे वरदानच आहे. मात्र अशा जाळ्यातील सर्व मनोऱ्यांवरून तंतोतंत तोच कार्यक्रम जावा लागतो. म्हणजे कोणत्या लोकांनी एक वाहिनी पाहावी, हे आधी ठरले पाहिजे आणि मनोरे त्यानंतर जोडले पाहिजेत. वाशिष्ठीचे खोरे एका जाळ्यात, शास्त्रीचे दुसऱ्यात, अशी विभागणी मला जिल्ह्याच्या हद्दीपेक्षा अधिक सयुक्तिक वाटते. सह्याद्रीची भिंतही येथे उपयोगी आहे, कारण घाटाखाली वापरलेली वारंवारिता घाटावर काळजीपूर्वक पुन्हा वापरता येते. फक्त दोन्हीकडे पाहणारा घाटमाथ्यावरचा मनोरा टाळावा किंवा त्याच्या अँटेना एकाच दिशेला वळवाव्यात. किनाऱ्यावर उलट धोका आहे. विशिष्ट हवामानात समुद्रावरील हवेच्या थरांतून लहरी नेहमीपेक्षा खूप दूर वाहत जातात, त्यामुळे मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनारी केंद्रांना वारंवारिता देताना अंतराचा नेहमीचा हिशेब पुरणार नाही.

ब्रिटनचा अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. तेथे स्थानिक सेवांना राष्ट्रीय वाहिन्यांच्या मधल्या मोकळ्या वारंवारिता मिळाल्या आणि क्षेत्रे त्या मर्यादेत आखावी लागली. त्यांनी वाहिन्यांची संख्या कमी ठेवून अधिक टिकाऊ सिग्नलपद्धत निवडली, हे मात्र आपण जरूर घ्यावे. नोव्हेंबर २०१३ मध्ये ग्रिम्सबी या शहरापासून सुरुवात झाली. लंडनची वाहिनी २०१४ मध्ये आली आणि जानेवारी २०२५ मध्ये बंद पडली. एवढ्या मोठ्या शहरातही स्थानिक वाहिनी टिकवणे सोपे नसेल, तर अर्ध्या वाड्या वगळलेल्या क्षेत्रात ती कशी टिकेल?

माझी प्रसार भारती आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाला विनंती आहे की, असा कोणताही आराखडा अंतिम करण्यापूर्वी त्याचे वाडीनिहाय नकाशे मराठीत प्रसिद्ध करावेत, ते ग्रामपंचायतींत हरकतींसाठी लावावेत आणि संगणकाने काढलेल्या अंदाजांची प्रत्यक्ष मोजणी एकदा तरी भर पावसाळ्यात, झाडे पानांनी गच्च भरलेली असताना, करावी.

आपला,
एक वाचक, जि. रत्नागिरी