नायट्रोजनच्या टाकीकडे रात्री बघणार कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली तेव्हापासून कार-टीवर, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगाशी लढवायच्या उपचारावर, बरंच छापून येतंय, वाचून बरंही वाटतं. पण फोटोत कायम डॉक्टर आणि मायक्रोस्कोप. कोपऱ्यातली नायट्रोजनची टाकी कुणाला दिसत नाही, आणि मी बारा वर्षं टाक्याच सांभाळतोय म्हणून लिहितो.

रुग्णाच्या पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून वाढवल्या की बऱ्याचदा गोठवून ठेवतात. तशाच फ्रीझरात टाकल्या तर बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फुटतात, म्हणून डीएमएसओ हे स्फटिक रोखणारं रसायन घालायचं, मशीनमध्ये मिनिटाला साधारण १ अंश अशा बेताने थंड करायच्या आणि मग टाकीत, तिथे द्रव नायट्रोजन उणे १९६ ला. खरेदीवाले म्हणतात उणे ८० चा डीप फ्रीझर आहे ना, मग टाकी कशाला? अहो, पेशी वर्षभर टिकवायच्या तर उणे १३० च्या खालीच ठेवाव्या लागतात.

माझे वडील गावोगाव म्हशींना कृत्रिम रेतन करायचे, नायट्रोजनचा कंटेनर गाडीला बांधून. पट्टी आत बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची, जिथवर पांढरं दव धरेल तेवढी पातळी. मीही रोज तेच करतो. फरक एवढाच की त्यांची एखादी रेतमात्रा वाया गेली तर पुढच्या माजाला दुसरी मिळायची, इथे पिशवीतल्या पेशी एकाच माणसाच्या असतात.

मी आधी होतो तिथे दिवाळीच्या सुट्टीत अलार्म वाजला आणि वॉचमनने कटकट नको म्हणून बटण दाबून बंद केला. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं, त्याची काय चूक? सुट्टी संपल्यावर पट्टी कोरडी निघाली. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला वंध्यत्व उपचार केंद्राच्या टाकीतली तर ४ हजारांवर स्त्रीबीजं आणि भ्रूण गेले, तिथेही रिमोट अलार्म बंदच होता.

टाकीला पैसे मंजूर होतात, रिफिलला आणि रात्रीच्या माणसाला होत नाहीत. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी एकदा रात्री २ ला अलार्म वाजवून बघावा, फोन कुणाचा वाजतो ते. आणि खोलीत ऑक्सिजनचा मीटर चालू आहे का तेही बघा, १ लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो, तो खोलीतल्या ऑक्सिजनची जागा घेतो, ना वास ना रंग, माणूस थेट आडवाच होतो. आमचा मीटर गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे, सेन्सर बदलायची फाईल अजून सहीला पडून आहे.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, पुणे