आधी हातोडी वाजवून बघा, बुलडोझर नंतर

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आमच्या जुन्या सरकारी कामगार वसाहतीच्या फाटकाशी गेल्या महिन्यात फलक लागला: ‘धोकादायक इमारत. प्रवेश निषिद्ध.’ नऊच्या नऊ इमारतींना एकाच छापाचा. माझे वडील सोलापुरात गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. माझं लहानपण या वसाहतीत गेलं आणि पुढे ३१ वर्षं मी ओव्हरसियरची, म्हणजे बांधकामांवर देखरेखीची, नोकरी केली. त्यामुळे फलक वाचून गप घरी जाणं काही जमलं नाही.

दुसर्‍या दिवशी सकाळी खिशात छोटी हातोडी टाकून गेलो. १०८ घरांपैकी ३७ घरांना कुलूप आहे. त्यातलं एक घर सोडून गेलेल्यांनी त्याची किल्ली शेजारच्या मावशींकडे ठेवलेली होती, ती घेतली. (नियम मोडला, कबूल.) दार फुगलेलं, खांदा लावला तेव्हा उघडलं. मोरीच्या पाइपात बोटाएवढं पिंपळाचं मूळ. मोरीवरच्या छताचं प्लास्टर खाली पडलेलं, वर सळई उघडी, तिला हात लावला तर गंजाचा पापुद्राच हातात आला. इथवर फलक खरा होता. मग हातोडीने टकटक करत खोलीभर फिरलो. प्लास्टर सुटलेलं असेल तिथे बद्द आवाज येतो, पक्कं असेल तिथे टण्. मोरी आणि तिला लागून हातभर पट्टा बद्द. बाहेरची खोली, मधली भिंत, जिना सगळं टण्. चौदा इंची विटांच्या भिंती आहेत त्या, काळ्या दगडाच्या जोत्यावर उभ्या केलेल्या. हल्ली कोण बांधतं?

बिघाड कुठून सुरू झाला ते बघायला गच्चीवर गेलो. सोलापुरात नळाला वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाणी येत आलं आहे, हे बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. म्हणून प्रत्येक कुटुंबाने गच्चीवर आपापली काळी टाकी चढवली. पाणी आलं की टाक्या भरून वाहतात, ओघळ कोब्यात, म्हणजे गच्चीवरच्या पाणी अडवणाऱ्या थरात, मुरतो, तिथून स्लॅबमध्ये. चाळीस वर्षं हे चाललंय. या इमारतींचा आजार नळाच्या वेळापत्रकाने लावलेला आहे. जमिनीखाली एक मोठी टाकी, गच्चीवर भार पेलेल अशा जागी एक सामायिक टाकी आणि नवा कोबा, एवढं केलं की नवीन ओल थांबते. मग सडलेलं काँक्रीट खरवडून सळई साफ करायची, गरज असेल तिथे जोडसळई द्यायची आणि पॉलिमर मॉर्टारने, म्हणजे रसायन मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने, भरायचं. पाइप सगळे बदलायचे, त्यात काटकसर नको.

सगळंच वाचवा असं मी म्हणत नाही. आठ नंबरच्या इमारतीची मागची भिंत सरकली आहे, भेगेत माझा तळहात जातो. ती पाडा, आणि लवकर पाडा. पण तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं आणि त्यात प्रत्येक इमारतीला वेगळी श्रेणी मिळते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ब म्हणजे माणसं आत राहत असताना दुरुस्त करा. आमच्या नऊ इमारतींची श्रेणी कोणती, हे फलकावर नाही. विचारलं तर साहेब रजेवर. काँक्रीट फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या रसायनाचा फवारा मारतात, निरोगी काँक्रीट गुलाबी होतं आणि ज्यात सळईला गंजापासून संरक्षण उरलेलं नाही ते तसंच राहतं. दोन मिनिटांचं काम. वसाहतीत तपासणीसाठी काँक्रीट फोडल्याची एकही खूण मला दिसली नाही, म्हणजे कुणी काही तपासलेलंच दिसत नाही.

लोक मुंबईकडे बोट दाखवतात. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत पिढ्या काढलेल्यांना टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांचं घर मिळालं, ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना किल्ल्या दिल्या गेल्या. मला त्याचा आनंदच आहे. पण तो हिशेब वरळीच्या जमिनीच्या भावावर बसतो. उरलेल्या जागेवर बांधलेली घरं महाग विकली जातात, त्यातून फुकट घरांचा खर्च निघतो. आमच्या वसाहतीच्या जागेवर कोण बिल्डर येणार आहे? पाडलं की पत्र्याचं कुंपण लागेल आणि आत बाभळी वाढतील. शहरात असे दोन प्लॉट मी निवृत्तीच्या आधीपासून बघतोय.

नवी घरं नकोत असंही नाही. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला ३०,००० घरांची रे नगर वसाहत विडी आणि असंघटित कामगारांनी लढून मिळवली, त्यातली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात आली. मोठीच गोष्ट आहे ती. पण ज्याची टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी आहे त्याला शहराच्या पोटातलं घर लागतं. आमच्या मावशींची सून गारमेंटमध्ये शिवणकाम करते. ती, नवरा आणि दोन मुलं पत्र्याच्या एका खोलीत राहतात, भाडं साडेतीन हजार. मे महिन्यात दुपारी त्या खोलीत चूल पेटवायच्या आधीच अंग भाजतं, म्हणून मुलं सासूकडे, म्हणजे या ‘धोकादायक’ इमारतीत, झोपायला पाठवते.

आणि घर बंद ठेवलं की ते टिकतं, हा समज काढून टाकावा. पनवेलजवळ कोनला गिरणी कामगारांसाठीच्या २,४१७ घरांची सोडत २०१६ मध्ये निघाली. इमारती कोवळ्या, पण ताबा लांबत गेला आणि शेवटी किल्ल्या देण्याआधी दुरुस्ती करावी लागली. आमची ३७ घरं तर साठ वर्षांची आहेत. सरकारी रिकामी घरं दुरुस्त करून भाड्याने देण्याची केंद्राची योजना २०२० पासून आहे, चंडीगडने तीत २,१९५ घरं उघडली. माझ्या अंदाजाने आमच्याकडे एका घराला अडीच ते तीन लाख पुरतील. नव्या घराला याच्या कितीतरी पट लागतात, आणि पुन्हा जमीन वेगळी.

मागणी एवढीच: पावसाळ्याआधी नऊ इमारतींचा वेगवेगळा अहवाल फाटकावर लावा आणि ज्या दुरुस्त होण्यासारख्या आहेत त्यांतली कुलूपबंद घरं आधी हाती घ्या. पाहणीला कुणी येणार असेल तर हातोडी माझ्याकडे आहे. फक्त सकाळी दहाच्या आत या, नंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही.

एक निवृत्त ओव्हरसियर, सोलापूर