न मिळालेल्या पुस्तकाचीही नोंद हवी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठ ग्रंथालयाचा कारभार तुझ्याकडे आला, फार आनंद झाला. आकडेवारीची सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. नॅकचा (विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचा) अहवाल तोंडावर असेल, तरी हे काम नॅकपुरतं ठेवू नकोस. अहवालासाठी गोळा केलेला आकडा अहवालातच संपतो. कोणताही आकडा मोजायला घेण्याआधी, तो वाढला किंवा घटला तर आपण काय बदलणार, हे एका ओळीत लिहून ठेव. ती ओळ लिहिता येत नसेल तर तो रकानाच काढून टाक. आणि वाचकाला जे मिळालं नाही त्याची मोजणी सगळ्यात आधी सुरू कर.

ग्रंथालयांचे अभ्यासक पॉल कँटर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली उपलब्धतेची पाहणी यासाठी उत्तम आहे, आणि तिला खर्च जवळपास नाही. ओपॅकच्या (वाचकांसाठीच्या संगणकीय ग्रंथसूचीच्या) संगणकांजवळ आणि शेल्फच्या रांगांपाशी छोट्या चिठ्ठ्या ठेव: पुस्तकाचं नाव, लेखक, मिळालं की नाही, एवढंच. वाचकाचं नाव नको. ‘नाही’ लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात तपासायची. दोन दिवसांनी शोधायला गेलास तर पुस्तक जागेवर परतलेलं असतं आणि कारण सापडत नाही. साधारण ४०० शोध जमले की पुरे. तेवढ्यांवर चूक पाच टक्क्यांच्या आसपास राहते.

आता हिशेब बघ. समज, ४०० पैकी ६० पुस्तकं आपल्याकडे नव्हतीच. उरली ३४०. त्यातली ६८ कुणीतरी घरी नेलेली. उरली २७२. त्यातली ४१ प्रणालीत ‘उपलब्ध’, पण शेल्फवर नाहीत: चुकीच्या जागी, टेबलावर, बांधणीला किंवा गहाळ. उरली २३१. त्यातली २३ जागेवरच होती, पण वाचकाला सापडली नाहीत. हातात पडली २०८, म्हणजे ५२ टक्के. टप्प्यांची प्रमाणं अनुक्रमे ८५, ८०, ८५ आणि ९० टक्के; त्यांचा गुणाकार केलास तरी हेच येतं.

या रीतीचं मोल असं की प्रत्येक टप्प्याला वेगळा उपाय आहे. पहिला टप्पा खरेदीचा. दुसरा जादा प्रतींचा किंवा मुदत कमी करण्याचा. तिसऱ्याला एक पैसाही लागत नाही, रोज सकाळी ठरावीक रांगांची मांडणी तपासायची, बस. चौथ्याला रांगांवरचे फलक सुधारायचे आणि नव्या विद्यार्थ्यांना बोधांक (पुस्तकाच्या पाठीवरचा जागा दाखवणारा क्रमांक) वाचायला शिकवायचं. वाचकाला पुस्तक मिळत नाही म्हटलं की आपण लगेच अनुदान मागायला धावतो. पण वरच्या उदाहरणात ६४ पुस्तकं अशी आहेत जी विकत घेतलेली आहेत, कुणी नेलेलीही नाहीत, तरी वाचकापर्यंत पोचली नाहीत. हा आकडा ग्रंथालय समितीपुढे ठेवायला कचरू नकोस.

प्रवेशद्वारावरचा मोजणीयंत्राचा आकडा मात्र जपून वापर. बहुतेक साधे सेन्सर येणारा आणि जाणारा दोन्ही मोजतात, म्हणून दोनाने भागावं लागतं. दोघं खांद्याला खांदा लावून आले तर एकच धरला जातो. चहाला जाऊन आलेला मुलगा दोनदा धरला जातो. सत्रातून एकदा, वेगवेगळ्या वेळी दोन-दोन तास परिचराला दाराशी बसवून हाताने मोजून घे. यंत्र २३० म्हणालं आणि हाताची मोजणी २०० आली, तर यंत्राच्या आकड्याला ०.८७ ने गुणायचं. यंत्र बंद होतं त्या दिवशी शून्य लिहू नये. रकाना मोकळा ठेवून शेरा लिहावा. शून्य म्हणजे कुणी आलं नाही, मोकळा म्हणजे मोजलं नाही. हे दोन्ही एकत्र झाले की सरासरी बिघडते.

शिवाय आपल्याकडे वाचनकक्ष भरतो तो मोठ्या प्रमाणात स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी, आणि ती आपापली पुस्तकं घेऊन बसतात. त्यांना जागा मिळालीच पाहिजे, तो त्यांचा हक्कच आहे. पण उपस्थिती वाढली म्हणून ग्रंथसंग्रहाचा वापर वाढला, असं लिहिणं खोटं ठरेल. दर तासाला एक फेरी मारून भरलेल्या खुर्च्या आणि टेबलावरची ग्रंथालयाची पुस्तकं वेगवेगळी मोज. नमुन्याचे आठवडे तीन घे: सत्राच्या मध्यावरचा, परीक्षेआधीचा आणि सुट्टीतला. फक्त परीक्षेचा आठवडा धरलास तर वर्षाचा आकडा फुगतो.

बसून वाचलेल्या पुस्तकांची नोंद हा तर नाजूक मामला आहे. पिट्सबर्ग विद्यापीठात १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुढच्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नाहीत, असं तिथल्या पाहणीत दिसलं आणि मोठा वाद झाला. जागेवरच वाचलेल्या पुस्तकांचं काय, हा त्यातला एक मुद्दा होता. कोहात, म्हणजे आपल्या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत, दोन वाटा आहेत. ‘रेकॉर्ड लोकल यूज ऑन रिटर्न’ ही सेटिंग चालू केली की इश्यू नसलेलं पुस्तक रिटर्न स्क्रीनवर स्कॅन होताच ‘स्थानिक वापर’ नोंदला जातो. पण काउंटरवर एखादं पुस्तक चुकून दोनदा स्कॅन झालं, तर दुसरा स्कॅनही स्थानिक वापर म्हणून चढतो. म्हणून मला दुसरी वाट पटते: सांख्यिकी प्रकारचं एक वाचककार्ड तयार करायचं आणि टेबलावरची पुस्तकं जागेवर लावण्याआधी त्या कार्डावर स्कॅन करायची. इश्यू होत नाही, नोंद मात्र राहते. ‘वाचून झाल्यावर पुस्तक टेबलावरच ठेवा’ अशी पाटी हवीच, नाहीतर शिस्तीची मुलं पुस्तक जागेवर ठेवतात आणि मोजणीतून निसटतात.

देवघेवीच्या रिपोर्टात नूतनीकरण वेगळं काढ. ते इश्यूत मिसळलेलं असेल, तर नूतनीकरणाची मर्यादा वाढवली त्या महिन्यात वाचन वाढल्याचा भास होतो. निर्लेखित (संग्रहातून कमी केलेल्या) प्रती कोहात वेगळ्या तक्त्यात जातात. क्वेरी (प्रणालीतून माहिती काढण्याची आज्ञा) फक्त चालू प्रतींना जोडलेली असेल तर मागच्या वर्षीची देवघेव आज काढल्यावर कमी दिसते. म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला रिपोर्ट काढून फाइल जपून ठेव आणि नंतर तिला हात लावू नकोस.

ई-जर्नल्ससाठी प्रकाशकांकडून ‘काउंटर’ (COUNTER) या प्रमाणकाचेच, म्हणजे ई-साहित्याचा वापर एकसारखा मोजण्याच्या नियमांचे, रिपोर्ट माग. २०१९ पासून पाचवी आवृत्ती लागू झाली, जानेवारी २०२५ पासून ५.१. एकाच वाचकाने एकाच बैठकीत लेख आधी एचटीएमएलमध्ये उघडला आणि मग पीडीएफ उतरवून घेतली, तर एकूण मागण्या दोन, अनन्य मागणी एक. खर्चाच्या हिशेबाला अनन्य मागणीच घे, आणि मुक्तप्रवेश (कुणालाही विनामूल्य वाचता येणारे) लेख वगळून. वर्गणी ३,६०,००० आणि मागण्या १,२०० असतील तर एका वापराला ३०० रुपये पडले. पण एका वर्षाच्या आकड्यावर जर्नल बंद करू नकोस. तीन वर्षं बघ, आणि आठ संशोधकांच्या विभागाची तुलना आठशे विद्यार्थ्यांच्या विभागाशी करू नकोस. नाकारलेल्या प्रवेशांचा रिपोर्ट आवर्जून उघड. परवाना नसल्यामुळे किती जण दारातून परतले ते त्यात असतं, आणि पुढच्या वर्षीची मागणी तिथेच दिसते. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’खाली ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांना मिळतात. तिथला खर्च केंद्राचा, त्यामुळे त्या योजनेबाहेरच्या जर्नल्सवर तुझं लक्ष जास्त हवं.

एखाद्या महिन्यात वापर एकदम कोसळला तर वाचकांना दोष देण्याआधी आयपी पत्ते तपास; इंटरनेटवरच्या या क्रमांकांवरूनच प्रकाशक आपलं विद्यापीठ ओळखतात. विद्यापीठाची इंटरनेट लाइन बदलली आणि नवे पत्ते प्रकाशकांना कळवले नाहीत, असं वारंवार घडतं. त्या काळातले मुक्तप्रवेश लेखही आपल्या खात्यावर चढत नाहीत.

वर्षांचा घोळही आधीच सोडव. अंदाजपत्रक एप्रिल ते मार्च, शैक्षणिक वर्ष जून-जुलैपासून, जर्नल्सची वर्गणी जानेवारी ते डिसेंबर. सगळं महिनावार ठेवलंस तर कोणतंही वर्ष जुळवता येतं. अपवाद ‘किमान एकदा पुस्तक नेलेले वाचक’ या आकड्याचा: जुलैत आणि ऑगस्टमध्ये आलेली मुलगी महिन्यांच्या बेरजेत दोनदा येते, म्हणून तो वर्षासाठी स्वतंत्रच काढावा लागतो.

प्रत्येक आकड्याची व्याख्या, मोजणारा आणि पद्धत एका पानावर लिहून, ते पान आयक्यूएसीच्या (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या) समन्वयकांनाही दे. वार्षिक अहवालात एक आणि नॅकला दुसरा आकडा जातो, तो बहुधा याच पानाअभावी.

कोहाची कोणती आवृत्ती चालते आणि सांख्यिकी कार्ड आधीपासून आहे का, ते कळव. त्यानुसार नूतनीकरण वगळणारी क्वेरी आणि चिठ्ठीचा मराठी नमुना पाठवतो. उपलब्धतेची पाहणी ऑगस्टच्या मध्याला घे; प्रवेशाची गडबड ओसरलेली असते आणि परीक्षा अजून लांब असतात.

तुझा,
अविनाश