दादाबरोबर कुंडी पाठवतो आहे

सावईवेरे, फोंडा
श्रावण, रविवार

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

दादा उद्या मडगावला येतो आहे. त्याच्याकडे तुझी मनी प्लांटची कुंडी देतो. परवा निघताना तू पाया पडलीस, पण बोलली नाहीस. फोन केला तर आपण पुन्हा त्याच विषयावर येऊ, म्हणून हे पत्र. यात फक्त झाडाचं लिहायचं असं ठरवलं आहे.

तू इस्पितळात असताना तुझे कपडे न्यायला फ्लॅटवर गेलो, तेव्हा वेल पार गळाली होती. अर्धी पानं पिवळी, देठ मऊ पडलेले. शेजारच्या काकी मायेने रोज तांब्याभर पाणी घालत होत्या. पण त्याआधी तुझ्या कामाच्या पाळ्या चालू होत्या, तेव्हा माती सुकून आकसली होती आणि कुंडीच्या कडेपासून सुटली होती. अशा मातीत वरून ओतलेलं पाणी कडेने सरळ खाली उतरतं. मधला गड्डा कोरडा तो कोरडाच, आणि तळाची मुळं ताटलीतल्या पाण्यात बुडून कुजतात. वेल तहानेनेही मान टाकते आणि मुळं कुजल्यावरही टाकते. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, मग तो आणखी घालतो. आधी बोट मातीत घालून बघायचं. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. पावसात आठवड्याने, कधी त्याहून उशिरानेही चालतं. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून दोनदा.

आपल्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, मिरीच्या वेली अशाच जातात. बुंध्याशी पाणी तुंबलं की आधी मुळं, मग पानं. वर पान काळं पडलेलं दिसतं तोवर खाली सगळं संपलेलं असतं. म्हणून मिरगाच्या आधी चर काढून घेतो. तू सहावी-सातवीत असताना माझ्या मागून खोरं ओढत यायचीस आणि पाटाचं पाणी अडवून बसायचीस. पोफळींना सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी फवारायचं बोर्डो मिश्रण करायचं असलं की मोरचूद वेगळा, चुना वेगळा भिजवायचा, हे तुला माझ्याआधी आठवायचं. आज औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत बसतेस, याचं मला कधी नवल वाटलं नाही. आमच्या घरातली तिथवर गेलेली तू पहिली. देवळात कुणी विचारलं की मी चार वाक्यं जास्तच सांगतो, आई म्हणते.

आता वेलीचं काय केलं ते लिहितो, पुढे तुला उपयोगी पडेल. कुंडी आडवी करून अख्खा गड्डा काढला आणि बादलीभर पाण्यात माती सोडवली. काळी, बोटात चुरगळणारी, आंबूस वासाची मुळं कापून टाकली. कात्री आधी स्पिरिटने पुसली होती. पांढरी, टणक मुळं तेवढी ठेवली. मग मुद्दाम लहान कुंडी घेतली, मातीची, तळाला भोक असलेली. मुळं थोडी आणि कुंडी मोठी असली की माती नको तितकी ओली राहते. आपली तांबडी माती, नदीची वाळू आणि नारळाच्या सोडणांचा भुसा मिसळला. खत घातलं नाही, तूही एवढ्यात घालू नकोस, दुखावलेली मुळं त्याने जळतात. नवीन पानं जोमाने यायला लागली की मग बघू. पडवीत उजेड येतो पण ऊन लागत नाही अशा जागी ठेवली होती. तुझ्या हॉलचा पडदा दिवसभर ओढलेला असतो. तिथे ती जगेल, पण लांबट, किरकोळ होईल आणि पानांवरचा पिवळा रंग कमी होत जाईल.

शिवाय शेंड्याचे दोन तुकडे बाटलीत लावून पाठवतो आहे. पानाच्या देठाशी तपकिरी गाठ दिसते ना, मूळ तिथूनच फुटतं. नुसतं पान पाण्यात ठेवलं तर वेल कधी होत नाही. ही वेल मूळची पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ नावाच्या बेटावरची. तिला फूल येणं फार दुर्मीळ, तेव्हा जगभर ती पसरली ती अशी तुकड्यातुकड्याने. तुझी वेल आपल्या मागच्या आंब्यावरची. तिथे झाडावर चढली तर पानं सुपाएवढी झाली. तीच कुंडीत तळहाताएवढी राहते, कारण वर चढायला आधार नाही. एखादी काठी लावून दे. कापताना चीक हाताला लागला तर धुऊन टाक. ही अळवाच्याच कुळातली, खाजते. तू लहानपणी हिचं पान चावून रडत आली होतीस. आजीने तोंड धुऊन दूध पाजलं आणि नंतर मलाच ओरडली. तेरं, म्हणजे रानअळू, चिरताना ती हाताला कोकमाची सोलं लावून बसायची, ते तुला आठवतं का?

ताटलीचं लिहायचं राहिलं.

मी ताटली ओतली तेव्हा पाण्यात अळ्या वळवळत होत्या. तुला नेमका कुठला डास चावला हे कोण सांगणार? पाण्याची टाकी असेल, गच्चीवरचं जुनं टायर असेल. पण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला 7 ते 10 दिवस पुरतात. शिवाय तो दिवसा चावतो. म्हणून दर आठवड्याला एक दिवस ठरव. ताटली नुसती ओतायची नाही, कडा घासायच्या, कारण अंडी पाण्याच्या वरच्या कडेला चिकटतात आणि सुकूनही महिनोन्‌महिने टिकतात. बाटलीचं पाणीही त्याच दिवशी बदल. मी या कुंडीखाली ताटली दिलेलीच नाही. बाल्कनीत विटेच्या तुकड्यांवर ठेव, पाणी खाली निथळू दे.

आणि बाय, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. ताप तीन दिवस होता आणि फोनवर तू रोज "बरी आहे" म्हणत होतीस. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून पाळीवर गेलीस. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाचे 24 ते 48 तास सगळ्यात जपायचे. तेव्हाच पोटात दुखतं, उलट्या होतात, हिरड्यांतून रक्त येतं, रक्तदाब खाली जातो. तू मशीनपाशी पडलीस, त्याच्या आदल्या रात्री पोटात दुखत होतं हे मला तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. आणि अंगदुखीची गोळी! डेंग्यूचा संशय असताना पॅरासिटामॉलखेरीज काही घ्यायचं नाही, रक्तस्राव वाढतो, हे तू मला सांगायला हवं होतंस. तू औषधं तपासतेस. डेंग्यूच्या विषाणूचे 4 प्रकार आहेत. एक होऊन गेला म्हणजे सुटलो असं नाही, दुसऱ्या प्रकाराचा झाला तर तो जास्त जड जाऊ शकतो. रात्री आईला झोप लागते. मला लागत नाही.

हे रागावणं झालं, माफ कर. झाडाचंच लिहायचं होतं.

तू एकटी राहू नकोस असं मी म्हणत नाही. परवाही तेच सांगत होतो, पण तुला वाटलं मी नोकरी सोड म्हणतो. नोकरी सोडू नकोस. फोंड्याच्या मामीकडे राहून कंपनीच्या बसने जा, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि तेही तुला नको असेल तर राहू दे. फक्त अंग गरम लागलं की त्याच दिवशी सांग. मडगाव काही मुंबई नाही. दुचाकीने यायला मला तासाभराहून फार लागत नाही, पाऊस असला तर थोडं जास्त.

आईने आटवलासाठी, म्हणजे मऊ खिचडीसाठी, मूगडाळ आणि उकडे तांदूळ दिले आहेत. संध्याकाळी बाहेरचं खाऊ नकोस, अजून अंगात ताकद नाही. पाणी भरपूर पी.

चवथीला किती दिवस रजा मिळेल ते या आठवड्यात विचारून घे. गणपतीवर बांधायच्या माटोळीला कांगलांची रानफळं आणायला रानात जायचं आहे, आणि ती कुठल्या बांधावर मिळतात ते तुलाच ठाऊक. दादाला ओळखताच येत नाहीत. पण चढ आहे, तुला दम लागणार नसेल तरच. नाहीतर मी एकटा जाईन, तू नुसती जागा सांग.

तुझा,
बाबा

ता. क. तू काकींचा नंबर मला दिलेला नाहीस. उद्या दादाकडे लिहून दे. मी उगाच फोन करणार नाही.