काटा चढत राहिला तर

महोदय,
पाण्याखाली टाकीतली हवा श्वासासाठी पुरवणारा माझा सत्तरच्या दशकातला रेग्युलेटर दुरुस्तीला घेण्यास एका केंद्राने नकार दिला. त्याच्या पहिल्या टप्प्याने, म्हणजे टाकीला जोडलेल्या भागाने, टाकीतला २०० बारचा दाब साधारण ९-१० बारपर्यंत उतरवून तिथेच थांबायला हवे. याच्या दाबमापकाचा काटा मात्र हळूहळू चढतच होता. नुसती स्प्रिंग सैल करून असा दोष जात नाही. मी सीट, म्हणजे हवेचे छिद्र बंद करणारी चकती, बदलली, तरी फरक पडेना! शेवटी भिंगाखाली ऑरिफिसच्या, म्हणजे त्या छिद्राच्या, धातूच्या कडेवर केसाएवढा ओरखडा सापडला. तो अतिबारीक पॉलिश कागदाने घासला, तेव्हा कुठे काटा स्थिरावला. धातू दशके टिकतो. झिजतात सीट, ओ-रिंग (रबरी कडी), लवचीक पडदा. उत्पादकांनी हे सुटे भाग बनवणे बंद करू नये, ही कळकळीची विनंती.

– एक पाणबुड्या